मास्तरांचं फोल्डर

बॅकअपमधून फायली परत आल्याचा संदेश स्क्रीनवर आला, तेव्हा बाईंनी आधी मास्तरांचं फोल्डर उघडलं. नाव जागेवर होतं. आत काहीच नव्हतं.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या केंद्रात संगणकाचं सगळं बाई एकट्याच बघायच्या. परवा सर्व्हरच्या डिस्क एकापाठोपाठ बंद पडल्या आणि सगळ्या विभागांची सामायिक फोल्डरं गेली. तेव्हापासून बाईंनी अंथरुणाला पाठ टेकवली नव्हती. बॅकअपमधून हिशेब परत आले, पत्रव्यवहार आला, कुणीतरी साठवून ठेवलेले सहलीचे फोटोसुद्धा आले. मास्तरांच्या फोल्डरातली पायांची मापं तेवढी आली नाहीत.

त्यांनी बॅकअपचे जुने रिपोर्ट काढले. रोज हिरवी खूण, रोज ‘काम पूर्ण’. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: एक फोल्डर वाचायची परवानगी नाही, वगळलं. कामाच्या रगाड्यात बाईंनी हिरव्या खुणेखाली बघणं कधीच सोडून दिलं होतं.

जिना उतरून त्या कार्यशाळेत गेल्या. पाय बनवणारे मास्तर प्लास्टरचा साचा कानशीनं घासत होते. हात कोपरापर्यंत पांढरे.

“मास्तर, तुमच्या फोल्डरला कुलूप कुणी घातलं?”

“मीच. लोकांच्या उघड्या पायांचे फोटो आहेत त्यात. वरच्या मजल्यावर कुणीतरी ते बघून हसत होतं. म्हटलं, माझ्याशिवाय कुणाला दिसायलाच नकोत. परवानगीच्या यादीतली बाकी सगळी नावं काढून टाकली.”

“त्यात बॅकअपचंही नाव होतं.”

कानस थांबली. “म्हणजे मापं?”

“गेली.”

मास्तरांनी कानस खाली ठेवली.

तेवढ्यात संचालक खाली आले. चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलेलं दिसत होतं. “चूक कुणाची?” त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

“कुलूप माझं,” मास्तर म्हणाले.

बाईंना गप्प राहता आलं असतं. इतक्या जागरणानंतर तेच सोपं होतं.

“आणि रिपोर्ट माझा,” त्या म्हणाल्या. “रोज येत होता. मी वाचला नाही.”

संचालक आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिले. “मग आता?”

“एकेकाला परत बोलवायचं. दुसरं काय!” मास्तर म्हणाले. “कुठून कुठून येतात हो बिचारे. परक्यासमोर पाय उघडा करताना अर्धमेले होतात. आता तेच पुन्हा करा म्हणून सांगायचं.”

बाहेर बाकावर, आधी माप देऊन गेलेले आणि आता नव्या पायासाठी आलेले एक आजोबा बसले होते. मास्तरांचे हात अजून प्लास्टरनं भरलेले होते. मग बाईच मापाची टेप घेऊन गेल्या. आजोबांच्या शेजारी बसून त्यांनी झालं ते सगळं सांगितलं, दोघांच्या चुकांसकट.

“पुन्हा मोजावं लागेल, आजोबा. माफ करा.”

आजोबांनी कुबडी भिंतीला टेकवली आणि विजारीचा पाय वर दुमडायला घेतला.

“मोजा की,” ते म्हणाले. “हा कुठं पळून जातोय!”

बाई खाली बसल्या. टेप गुडघ्याशी नेली, पण दुसरं टोक नेमकं कुठं धरायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हा आजोबांनीच वाकून टेपचं दुसरं टोक धरलं.