मागच्या शॉकअपचा आवाज

"उचला मथुराबाई. हळू. केळीचा घड नाही तो."

"घड असता तर कवाच गाडीत टाकला असता व बाई," म्हणत मथुराबाईंनी एका हातानं सायकलची सीट वर घेतली.

खट्.

उषाताईंनी शॉकअपच्या सांध्यावरचं बोट काढलं आणि चेहरा जमेल तितका पाडला. "आहेच. आज पण आहेच."

"मंग?"

"मग काय, घट्ट करून ठेवू. उद्या बघू."

सायकल विनायकची, डोंगरात चालवायची. दोनदा असीरगडापर्यंत दामटून तो नोकरीला बंगळूरला गेला, आणि सायकल लोधीपुऱ्यातल्या या अंगणात आईच्या सोबतीला राहिली. आता फोनवर म्हणाला होता, "आई, विकून टाक. नेपानगरचा एक जण घेतोय. फक्त मागचा शॉकअप ढिला वाजतो, तेवढं नीट कर."

उषाताईंचा जन्म कचेरीत गेलेला. पण मोबाइलवर बघून बघून त्या शिकल्या. शॉकअपच्या टोकाला बुश असतो, तो झिजला की सांधा खेळतो. तपासायला मात्र दोघं बरी: एकानं सीट उचलायची, दुसऱ्यानं सांध्यावर बोट ठेवायचं. म्हणून समोरच्या घरातल्या मथुराबाईंना हाक गेली.

मथुराबाईंना वेळच वेळ होता. जन्मभर केळीच्या बागेत राबलेल्या. आता लेकाकडे शहरात. स्वयंपाकघर सुनेचं, तिथं त्यांनी पाण्याचा पेलादेखील उचलायचा नाही. नातवंडांची तोंडं मोबाइलमध्ये. सुपारीची गाठ पदराला मारून बाई दिवसभर ओट्यावर बसायच्या.

आता खरं सांगायचं तर बुश कधीच बदलून झाला होता. बाजारातल्या लेथवाल्यानं नवा बसवून दिला, त्याच संध्याकाळी सायकल गप्प झाली. मथुराबाई टाळी वाजवून घरी गेल्या. त्या गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की उषाताईंना फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. सायकल गेली की ही बाई कशाला येईल?

दुसऱ्या दुपारी त्यांनी शॉकअपचा बोल्ट अर्धा आटा ढिला केला.

तेव्हापासून हाच नेम. दुपारी गुपचूप ढिला करायचा. पाचाला मथुराबाई आल्या की आत जाऊन चहा टाकायचा. चहा झाला की तपासायचं, हळहळायचं, घट्ट करायचं. कपटाचं काम, पण उषाताईंनी ते कचेरीच्या शिस्तीनं चालवलं. एकच कोडं त्यांना सुटत नव्हतं. ढिला करावा अर्धा आटा, आणि आवाज यावा दीड आट्याचा.

मध्ये बोल्टची चावीही हरवली. "उंदरानं नेली असंल," मथुराबाई म्हणाल्या. उषाताईंनी मुकाट्यानं नवी आणली.

"बोटं कशानं काळी झाली हो?" त्यांनी एकदा विचारलं.

"तवा घासला ना व."

आखाजी, म्हणजे लेकींनी माहेरी जायची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली.

"जसोंडीला भावाकडे कधी निघताय?" उषाताईंनी सहज विचारलं.

"यंदा नाही जात."

"अहो, आखाजीला माहेर नाही? रोज झोक्यावरच्या गाण्यांचं सांगून माझे कान किटवता."

"झोका काय पळून जातो? तुमची सायकल अशी अर्धी टाकून कशी जाऊ?" मथुराबाई कपाकडे बघत म्हणाल्या.

उषाताईंनी कप खाली ठेवला. आपल्या दोन घटका गप्पांसाठी आपण या बाईचं माहेर खाल्लं!

दुसऱ्या दुपारी त्यांनी बोल्टला हातच लावला नाही. नाही कसा, लावला: दातओठ खाऊन आणखी आवळला. चावीचा वळ तळव्यावर उमटला. सीट उचलून पाहिली, सायकल मुकी. मग नेपानगरला फोन केला, "उद्या सकाळी या, घेऊन जा." मथुराबाईंना सांगायचं वाक्यही त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं: झाली सायकल, जा आता माहेरी. दोन्ही वेळा आवाज फाटला.

पाचाला मथुराबाई आल्या, नेहमीसारख्या सायकलीजवळच्या पायरीवर टेकल्या. उषाताई आत गेल्या. आज चहाला जरा वेळच लागला. आलं किसताना डोळ्यांत पाणी येत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी ते आल्यावरच ढकललं.

"मथुराबाई," बाहेर येऊन, चहा ठेवून त्या म्हणाल्या, "आज वाजायची नाही बघा."

"लावता पैज?"

मथुराबाईंनी सीट उचलली.

खट्. खट्.

उषाताईंनी सांध्यावर बोट ठेवलं. दुपारी जिवाच्या करारावर आवळलेला बोल्ट बोटानं गर्रकन फिरला. त्यांनी मान वर केली. मथुराबाई कुंपणावरची चिमणी बघत होत्या.

"म्या म्हटलं नव्हतं? हिच्या पायी आखाजी जाते बघा यंदाची," असं म्हणत त्या कपासाठी वाकल्या. खांद्यावरचा पदर घसरला आणि गाठ फरशीवर आपटली.

ठण्ण.

सुपारीचा आवाज असा येत नाही.