पंचवीस अक्षरं

योगेंद्रने सीडीच्या कव्हरवरचं स्टिकर आधी ओल्या बोटाने पुसलं, मग रॉकेलाने. हळदकुंकवाचा थर निघाला आणि त्याच्यासोबत खालची अक्षरंही निघाली. दर खंडेनवमीला तो कीबोर्डशेजारी ही सीडी मांडून पूजा करायचा. चौदा वर्षांची भक्ती आता नडली. नव्या कॉम्प्युटरवर ते जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर चढवायचं तर त्याला त्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरची पंचवीस अक्षरं हवी होती. वकिलांचा चाळीस पानी दावा जुन्या फॉन्टात होता; नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की नुसती खिचडी. आणि वकील अकराला दावा घ्यायला येणार होते.

तेवढ्यात त्याची बायको सुलक्षणा चहाचा थर्मास घेऊन त्याच्या टायपिंगच्या दुकानात आली. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून म्हणाली, "घ्या. बी, सात, के, टी, एक्स."

योगेंद्र तिच्याकडे बघतच राहिला.

"टाका ना! वाजले किती बघा."

पंचवीसच्या पंचवीस अक्षरं तिने घडाघडा म्हटली, आरती म्हणावी तशी. कुठे अडली नाही. सॉफ्टवेअर चालू झालं.

खरं तर त्याने हुश्श म्हणायला हवं होतं. पण त्याने विचारलं, "तुला कसं पाठ?"

"लग्नाआधी चाळीसगावला प्रेमराज सरांच्या कॉम्प्युटर क्लासात कामाला होते ना मी. दहा मशीन. दर आठवड्याला व्हायरस, दर आठवड्याला मी हे सॉफ्टवेअर नव्याने टाकायची. सर मागे उभं राहून सांगायचे."

"मागे उभं राहून?"

"मग काय करतील? मशीनपुढे खुर्ची एकच असायची."

क्लास बंद केल्यावर ही सीडी प्रेमराजनेच योगेंद्र-सुलक्षणाच्या लग्नात आहेर म्हणून दिली होती. योगेंद्रला तो आठवला: उंच, गोरा, पंगतीला न बसता निघून गेलेला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं आपण त्या माणसाच्या आहेराला झेंडू वाहिला!

"माझा मोबाइल नंबर सांग बरं."

"आता?"

"आता. न बघता."

"चौऱ्याण्णव बावीस..." सुलक्षणा थांबली. तिने छताकडे पाहिलं, मग हसली. "तुमचा कशाला पाठ करू? फोनमध्ये आहेच की."

वकिलांचा दावा बाजूला राहिला. योगेंद्रने कोरं पान उघडलं, पानभर मोठ्या आकड्यांत स्वतःचा नंबर टाइप केला, प्रिंट काढली आणि तिच्या हातात दिली.

"रविवारपर्यंत पाठ पाहिजे," तो म्हणाला.