मच्छिंद्रने जोडलेला चढ

मच्छिंद्रचं पत्र येऊन सात महिने झाले होते. वामन सरांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. मच्छिंद्र त्यांचा जुना विद्यार्थी, त्यांच्या मुलाच्या, अद्वैतच्याच वर्गातला.

"सर, जालन्याच्या रस्त्याला देशातला सगळ्यात उंच रोलर कोस्टर उभा राहिला आहे. त्याच्या पहिल्या चढाचे जोड मी वेल्डिंग केलेत. एकदा येऊन बसा, भिऊ नका. एक विचारायचं होतं. दहावीच्या पेपरात माझ्या बाकाखाली सापडलेली चिठ्ठी माझी नव्हती. त्यानंतर मी शाळेत आलो नाही. तुम्हाला तेव्हा ते माहीत होतं का? एवढंच कळवा. पत्ता धावड्याचाच."

उत्तर त्याच आठवड्यात लिहून झालं होतं. पाच वेळा फाडून सहाव्यांदा. खरं ते लिहिलं होतं. पाकीट बंद करून तिकीटही लावलं, आणि तेव्हापासून ते खिशातच होतं. सदरा बदलला की तेही नव्या खिशात जायचं. उत्तर टाकणं जमत नाही, निदान बसून तरी यावं, म्हणून सर आज आले होते.

"आजोबा, खिसे रिकामे करा," रोलर कोस्टरच्या फलाटावरची मुलगी म्हणाली.

"काही नाही. कागद आहे नुसता."

"कागदच पयला उडतो वर. चष्मा बी द्या. जल्दी."

मागे रांग खोळंबली होती. सरांना लाज वाटली. कठड्यापलीकडे सून, कल्याणी, उभी होती. तिला चक्कर येते म्हणून ती बसणार नव्हती. त्यांनी चष्मा आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

अद्वैत शेजारी बसला. लोखंडी दांडा पोटावर येऊन खट्कन अडकला. सरांनी तो हलवून पाहिला. हलेना.

गाडी चढाला लागली. खालून साखळीची खटखट सुरू झाली. मागच्या बाकावरची बाई ओरडली, "अहो, मला उतरू द्या!"

"आता उतरून कुठं जाती?" तिचा नवरा म्हणाला. "डोळे मीट अन् देवाचं नाव घे."

"देवाचं घेऊ का तुमचं? आणलं तर तुम्हीच!"

सरांना चष्म्याशिवाय जवळचं तेवढं दिसत होतं. निळा रूळ, आणि त्यावर थोड्या थोड्या अंतरानं एक जाडसर रेघ. जोड. सगळे सारखे, नीट. मच्छिंद्रचं अक्षरही असंच होतं. म्हणून तर चिठ्ठी त्याची नाही हे बघताक्षणी कळलं होतं. चिठ्ठीवरचं तिरकं अक्षर सरांना घरी रोज दिसायचं.

"बाबा, ती बघा कल्याणी. फाटकाबाहेर."

"काय करतेय?"

"हॉटेलापाशी पोस्टाची पेटी आहे. तुमचं पाकीट घेऊन निघालीय वाटतं."

"थांबव तिला."

"इथून?" अद्वैत हसला. "माझा फोनपण तिच्याकडेच आहे."

"कल्याणी!"

एवढ्या मोठ्यानं सर वर्गातही कधी ओरडले नव्हते. पण पुढचे-मागचे सगळेच ओरडत होते. मागच्या बाईच्या नवऱ्यानं खूश होऊन दाद दिली, "बराबर, काका! होऊ द्या!"

"टाकलं तिनं," अद्वैत म्हणाला. "बरं झालं, नाहीतर खिशातच जुनं झालं असतं. कुणाला होतं?"

सर रुळाकडे बघत राहिले. आणखी एक जोड मागे गेला.

"मच्छिंद्रला. धावड्याच्या."

अद्वैतचं हसू विरलं. तो खाली पेटीकडे बघू लागला.

"काय लिहिलंत, बाबा?"

चढ संपला. खालची खटखट थांबली.