मोडायचा शुक्रवार

मोडायचा शुक्रवार म्हणजे पोरांची चंगळ. कॅनडातल्या एडमंटनच्या नदीकाठच्या जंगलात उन्हाळाभर बांधलेली खोपटं बर्फ पडायच्या आत मोडायची, फांद्या लांबलांब भिरकावायच्या, आपण इथे कधी आलोच नव्हतो असं रान करून ठेवायचं, हा तिथल्या एका निसर्गशाळेचा रिवाज. ज्याने खोपट बांधलं त्याने पहिली फांदी ओढायची.

शेवटचं खोपट झाडीत जरा आत होतं. आणि काय देखणं! जाडजूड फांद्यांच्या भिंती, वर स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडाच्या, डहाळ्या, खाली कोरडा पाला, वारा शिरायला फट म्हणून नाही.

"हे कोणी बांधलं रे?" शाळा चालवणाऱ्या कर्स्टनबाईंनी विचारलं.

"मी!" अ‍ॅक्सेल म्हणाला. पहिली फांदी ओढायला मिळणार ना!

सहा वर्षांच्या पोराला मनगटाएवढ्या फांद्या कशा पेलल्या, हे बाईंच्या डोक्यात आलं नाही. पोरांना काहीही जमतं, यावर तर त्यांची अख्खी शाळा चालायची. "शाब्बास!" त्या म्हणाल्या. अ‍ॅक्सेलने फांदी ओढली, बाकीची पोरं तुटून पडली, छप्पर खाली आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ए! काय चाललंय तिथे?"

वाटेवरून एक माणूस ढकलगाडी रेटत आला. गाडीत झोपायची पिशवी, भांडं, कपडे. मागे ठेवलं तर चोरीला जातं, म्हणून हा रसेल सगळा संसार दिवसभर बरोबर फिरवायचा.

"माझं घर कुठंय?"

"घर? हे आमच्या मुलांनी..." बाईंनी अ‍ॅक्सेलकडे पाहिलं. अ‍ॅक्सेल बुटांकडे बघत होता.

"तुमच्या मुलांनी? आठवडाभर मी खपलोय, बाई! आज रात्री उणे पंधरा होणार आहे. झोपू कुठे, तुमच्या डोक्यावर?"

चुकलं, एवढं म्हणायला काय जात होतं? पण बाई ताठल्या. "पार्कात राहायला बंदी आहे. आमच्याकडे परवानगी आहे."

"कसली?"

"मुलांना निसर्गात राहायला शिकवायची."

"मग शिकली की! दुसऱ्याचं घर पाडायचं आणि निसर्गात राहायचं. वा!"

"मुलांसमोर आवाज चढवू नका. पोलिसांना फोन करीन."

"करा ना. तेही येऊन हेच करतात. फक्त टाळ्या वाजवत नाहीत."

रसेल वाकून फांद्या गोळा करायला लागला. पोरांनी मन लावून भिरकावल्या होत्या, काही तर पार उतारावरून नदीकडे गेल्या होत्या. उजेड उतरत चालला होता. अ‍ॅक्सेल एक फांदी घेऊन पुढे झाला.

"हात लावू नकोस!" रसेल खेकसला. अ‍ॅक्सेलने भोकाड पसरलं.

"लाज नाही वाटत, एवढ्याशा पोरावर ओरडायला?" आता बाईही ओरडल्या. वर रस्त्यावर आईबापांच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या. "चला रे सगळे! हातातलं जिथून उचललं तिथे ठेवा आणि रांगेत या. पटकन!"

पोरांनी काटक्या टाकल्या आणि पळाली. टोव्हा तेवढी जागची हलली नाही. तिच्या हातात तिच्या उंचीची फांदी होती.

"टोव्हा, ऐकू येत नाही का?"

"ही मी या काकांच्या भिंतीतून काढलीय."

"ठेव म्हटलं ना!"

टोव्हा भिंत होती तिथे गेली. फांदी तिने उभी केली. हात सोडला तर ती कलंडायला लागली. तिने घाईघाईने पुन्हा पकडली.

वर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"सोड ती. जा इथून," रसेल म्हणाला.

टोव्हाने दोन्ही हातांनी फांदी आणखी घट्ट धरली.