लाइटनिंग कॉल

जोबीने राउटरचं पान लॅपटॉपवर उघडलं आणि घरातल्या एकेका यंत्राला रांगेत उभं करायला घेतलं. दुपारी सगळ्यांनाच इंटरनेट लागे आणि सगळ्यांचंच अडे. आधी वाट कोणाला द्यायची, ते आज तो कायमचं ठरवून टाकणार होता. सगळ्यात वर त्याचं ऑफिस. मग बायकोचा वर्ग. नर्सिंगच्या मुलींना ती घरबसल्या जर्मन शिकवायची. मग टीव्ही. तळाला आईचा फोन.

त्याची आई एलिकुट्टी मागे उभी राहून बघत होती. कोट्टयमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे ट्रंक कॉल जोडण्यात तिची सगळी नोकरी गेली होती.

"हे तर आमचंच बुकिंग," ती म्हणाली. "साधा, अर्जंट, लाइटनिंग. लाइटनिंगला तीन मिनिटांचे आठपट पैसे पडायचे. मंत्री लावायचे, नाहीतर ज्यांच्या घरी कोणी गेलंय ते. मला कुठे टाकलंस, मोने, बाळा?"

"साध्यात. तुझ्या गप्पांना कसली आलीय घाई, अम्मच्ची?"

रोज या वेळी ती मदुरैच्या सेल्वनायकीशी बोले. तीही तिकडच्या एक्स्चेंजमधली. लाइन मोकळी असली की दोघी एकमेकींना सासूची गाऱ्हाणी सांगायच्या, आणि हाक मारायच्या ती गावाच्या नावाने. एकमेकींचं तोंड पाहिलं ते थेट म्हातारपणी, मोबाइलवर. तेव्हा दोघींचाही थोडा हिरमोडच झाला होता. काय दिवस होते ते! एलिकुट्टीला त्यांची फार आठवण यायची.

"उद्या मदुरैचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "घशाचं. स्वरयंत्रच काढणार आहेत. जगेल, पण आवाज जाईल. आज तरी तो तुटक तुटक नको यायला."

जोबीने आईचा फोन सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला. वर्ग का अडला, असं बायकोने आतून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, लाइटनिंग लागलाय, जरा थांब.

फोन लागला. एलिकुट्टीने चित्र बंद केलं आणि फोन कानाला लावला. मदुरैचा आवाज बसलेला होता, पण सलग येत होता. बिशप आणि ताडीचा ठेकेदार एकाच लाइनवर आले होते, त्या दिवसाची आठवण काढून दोघी पोट धरून हसल्या. मग बोलणं सरलं. फोन मात्र कोणी ठेवेना.

तेवढ्यात पलीकडून तो जुना, ऑफिसातला कोरडा आवाज आला. भल्याभल्यांना अर्ध्या वाक्यात थांबवणारा.

"कोट्टयम, तीन मिनिटं झाली. वाढवायची?"

जन्मभर एलिकुट्टीने हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता.

"वाढवा," ती म्हणाली. "वाढवा, मदुरै."