वेटिंगला पहिली

सरकारी निवासी शाळेच्या नववीच्या यादीत माझी नात निशा वेटिंगला पहिली होती. कुणीतरी एकीनं सीट सोडावी म्हणून सूनबाई राजश्रीनं चार दिवस नुसत्या चहावर काढले. मला बघवेना. आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या बागेत सिलेक्ट झालेल्या एका पोरीची आजी येते. तिला मी हळूच सांगितलं, "अगं, त्या होस्टेलच्या विहिरीत एक बाई राहते, पोरींच्या वेण्या कापते. कुणाला बोलू नको हां!"

आज सीट रिकामी झाली आणि शाळेतून राजश्रीला फोन आला.



"अहो आई, मी नको म्हणून सांगितलं," ती रडतच म्हणाली. "पालकांच्या ग्रुपवर आलंय, तिथं विहिरीत सात बायका आहेत, सगळ्यांच्या हातात कात्र्या!"