गोणपाट

सकाळपासून घाटात गाडी तिसऱ्यांदा तापली. बॉनेटमधून वाफ निघताच गोदाक्का सुनेवर घसरल्या, "चुलीवरचा हंडा कधी उतरवायचा ते कळेना, आणि निघाली गाडी हाकायला!"

सुनेनं दोनदा पाणी भरून पाहिलं होतं, बेल्ट तपासला होता. आता दगडावर बसत ती म्हणाली, "आत्या, तुमचंच खरं. मला नाही जमत. उद्या विकून टाकू."

कधीपासून हेच ऐकायचं होतं, तरी गोदाक्कांना बरं वाटेना. पाय मोकळे करायला त्या गाडीपुढं गेल्या आणि थबकल्या. पुढच्या जाळीमागून गोणपाटाचं टोक डोकावत होतं, चटका बसेल इतकं तापलेलं. आज पहाटे गाडी कुडकुडत सुरू झाली, तेव्हा वारा लागू नये म्हणून, म्हशीला पांघरतात तसं, त्यांनीच ते आत कोंबलं होतं.

त्यांनी ते उपसून पदराखाली लपवलं. मग सुनेचा उतरलेला चेहरा पाहिला आणि गोणपाट तिच्यापुढं टाकलं.

"गार राहायला इंजिनाला वारा लागतो, हे घरात एकानंही मला सांगितलं नाही. ऊठ. आणि विकायची भाषा पुन्हा काढलीस तर याद राख!"